वहिनीच्या पायावरची जाळी

पुण्याच्या प्रयोगशाळेत मी नेमकं काय करते, हे आमच्या घरात फक्त वहिनीनं विचारलं. आईला वाटायचं मी कंपाउंडरचं काहीतरी शिकते. दादा लोकांना सांगायचा, "औषधाच्या लाईनीत हाय ती." होळीला गावी, आहुप्याला गेले होते, तेव्हा अंगणात हिरडा वाळत घालता घालता वहिनी म्हणाली, "वन्सं, दिवसभर करता तरी काय तिथं तुमी?"

मी तिला सांगितलं. सुईतून एक चिकट पाणी अगदी हळूहळू सोडायचं. सुईला विजेचा मोठा दाब द्यायचा. मग तो थेंब खाली पडत नाही, त्याचा धागा ओढला जातो. इतका बारीक, की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. समोरच्या चकचकीत कागदावर धाग्यावर धागा बसत जातो आणि दोन-तीन तासांनी दुधावर साय धरावी तसं पांढरं काहीतरी दिसायला लागतं. ती जाळी जखमेवर ठेवली, की नव्या कातडीच्या पेशी तिला धरून पुढे सरकतात. मांडवावर वेल चढतो तशा. कातडी भरून आली की जाळी आपोआप विरघळून जाते.

वहिनीनं सगळं नीट ऐकलं. मग म्हणाली, "आन् कुणाला लावली?"

"उंदरांना."

तिनं तोंडावर पदर धरला आणि हसायला लागली. "त्यांस्नी वो कसली जखम?"

"आम्हीच करतो. भूल देऊन."

तिचं हसू थांबलं. "अरं द्येवा," एवढंच म्हणाली आणि हिरडे पसरायला वाकली.

वहिनी घाटघरची. नाणेघाटाच्या अंगाचं ते गाव, आमच्यासारखंच डोंगरातलं, पण जुन्नर तालुक्यातलं. ती लग्न होऊन आली तेव्हा मी आश्रमशाळेत सातवीत होते. ती माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी असेल. सुट्टीत घरी आले की आई मला लावणीला, पाण्याला न्यायची. वहिनी आल्यावर ते बंद झालं. तिनं कधी मोठं बोलून दाखवलं नाही. सकाळी मी उठायच्या आत हंडे भरलेले असायचे आणि मी विचारलं, की "तुमी वाचा" म्हणायची. पुढं मी जुन्नरला कॉलेजला गेले, मग पुण्याला. माझ्या वाटणीचं काम तिच्याकडेच राहिलं. हे मला तेव्हा जाणवत होतं असं म्हणणार नाही. तेव्हा ते सवयीचं होतं.

त्या होळीनंतर दोन महिन्यांनी, वैशाखात ती भाजली.

आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या जागेवर आधी फांद्या, पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात. त्याला राब भाजणं म्हणतात. वारा पडला की पेटवायचा, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. वहिनीनंही वारा पडल्यावरच पेटवला. ती कडेनं ओल्या फांदीनं जाळ आवरत होती. कड्याकडून एकाएकी वारा उठला आणि जाळ तिच्या मागच्या बाजूनं फिरला. अंगावर कुणाच्या तरी लग्नात आलेलं नायलॉनचं पातळ होतं. ते पेटलं. ती उतारानं धावत सुटली. दादा खालच्या खाचरात होता. त्यानं तिला आडवी पाडली, वर माती टाकली, पोत्यानं विझवलं. तोवर पातळ वितळून पायांना चिकटलं होतं.

दादाचा फोन आला तेव्हा मी यंत्रासमोर बसले होते. तो म्हणाला, "तुझी वहिनी भाजली. जास्त नाय, पायालाच. घोडेगावला आनली व्हती, इथले म्हनत्यात पुण्याला न्या."

"वर काही लावलं का?"

"शेजारच्यांनी पेस्ट लावली. दात घासायची."

मी यंत्र बंद केलं. कागदावर जमलेली जाळी अर्धवट होती, ती तशीच टाकून दिली.

पुण्याच्या सरकारी दवाखान्याच्या जळीत वॉर्डात ती दीड महिना होती. उजवा पाय वरवर भाजला होता, तो भरून आला. डावा पाय मात्र पोटरीपासून गुडघ्याच्या मागून मांडीपर्यंत खोल गेला होता. तिथं कातडी राहिलीच नव्हती. वॉर्डातल्या डॉक्टर बाईंनी मला समजावून सांगितलं, की एवढी खोल जखम स्वतःहून भरत नाही, मांडीची कातडी काढून लावावी लागेल. मला ते पाठ होतं. माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण याच वाक्यानं सुरू होत होतं. पण बाई बोलत होत्या आणि मी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी मान हलवत होते.

उजव्या मांडीची कातडी काढून डाव्या पायाला लावली. पाचव्या दिवशी पट्टी उघडली तेव्हा मी तिथंच होते. मांडीकडच्या भागाला कातडी धरली होती, गुलाबी दिसत होती. पोटरीवरची आणि गुडघ्यामागची मात्र सुटून आली होती. खाली हिरवट पू होता आणि त्याला एक गोडूस वास होता. तो वास मी लगेच ओळखला. प्रयोगशाळेत आम्ही ज्या जंतूंवर जाळी तपासायचो, त्यांच्या बशीचं झाकण उघडलं की हाच वास यायचा. बशीतला तो वास मला कधी वाईट वाटला नव्हता.

वहिनीनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "लई घाण हाय का?"

"नाही," मी म्हणाले. "होईल बरी."

त्याच दुपारी मी माझ्या मार्गदर्शक सरांच्या खोलीत गेले. सर माणूस म्हणून चांगले होते. त्यांनी मला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. मी म्हणाले, "सर, आपल्या जाळीनं उंदरांच्या जखमा किती लवकर भरतात, तुम्ही बघताय. दवाखान्यात विचारून बघता येईल का?"

सर म्हणाले, "माणसाला लावायची परवानगी आपल्याकडे नाही. मिळायला वर्षं जातात. आणि परवानगीचं सोड. उंदराची जखम भरते म्हणजे काय होतं, तुला ठाऊक आहे. त्याची कातडी सैल असते. खालचा स्नायू ती ओढून घेतो आणि जखम आवळून बंद होते. आपली जाळी नसती तरी बरीचशी झालीच असती. माणसाला तो स्नायू नाही. तुझ्याच प्रबंधात लिहिलंयस ना हे?"

लिहिलं होतं. शेवटच्या प्रकरणात, "मर्यादा" या मथळ्याखाली, चार ओळी.

आषाढ लागला तशी वहिनी घरी जायची घाई करायला लागली. लावणी आली होती, पोरं आईकडे होती. डॉक्टर बाई म्हणाल्या, अजून एकदा कातडी लावावी लागेल, थांबा. वहिनी म्हणाली, "लावणी उरकली की येते." ती जाणार हे बाईंनाही कळलं. त्यांनी गुडघ्याला बांधायला एक फळी दिली आणि बजावलं, की पाय सरळच ठेवायचा, नाहीतर कातडी आवळून गुडघा वाकडा राहील.

आहुप्याच्या पावसात घरात ओल असते, कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत. उपकेंद्रातली नर्स यायची, पण रोज कशी येणार? दादा पट्टी बदलायला शिकला. फळी बांधून चुलीपुढं बसता येत नाही, म्हणून वहिनी ती सोडून ठेवायची. दादा फोनवर सांगायचा, "हाय तसंच हाय." श्रावणात मी एकदा जाऊन आले. गुडघा तेव्हाच पूर्ण सरळ होत नव्हता. पोटरीवर माझ्या दीड तळहाताएवढी जखम उघडी होती. मी म्हणाले, "वहिनी, पुन्हा पुण्याला चला." ती म्हणाली, "आता नाचणी निघू द्या." मग म्हणाली, "त्या मांडीवरनं काढलेली जागा लई दुखली वो, वन्सं. भाजल्यापरीस जास्त. पुना नको."

पुण्याला परत येताना, डिंभ्याच्या धरणाच्या कडेनं एसटी चालली होती, तेव्हा मी ठरवलं.

आमच्या जाळ्या नाण्याएवढ्या असायच्या, उंदराच्या पाठीवर बसतील एवढ्या. वहिनीला मोठी हवी होती. दिवाळीच्या आधीच्या रविवारी प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. हवाही कोरडी झाली होती. हवेत दमटपणा असला की धाग्यात गाठी पडतात, त्या दिवशी एकही पडली नाही. सकाळी सातला बसले ती संध्याकाळपर्यंत उठले नाही. इतकी सलग, इतकी सारखी जाळी मी त्याआधी कधी केली नव्हती. मी ती दोन्ही बाजूंनी निळ्या दिव्याखाली धरून निर्जंतुक केली आणि पाकिटात बंद केली. माणसाला लावायला एवढं पुरत नाही, हे मला ठाऊक होतं.

घरी गेल्यावर वहिनीला एकटीला गाठून सांगितलं. ती पडवीत पाय पसरून बसली होती, पसरेल तेवढा.

"उंदरांना लावता तीच?"

"तीच. पण माणसाला अजून कुणी लावलेली नाही. काही झालं तर..."

"काय व्हनार? हाय ह्याच्याहून काय व्हनार?" ती म्हणाली. मग थोडं थांबून, "तुमाला काय वाटतं? बरं व्हईल?"

इथं मी खरं बोलायला हवं होतं. मला वाटत नाही, असं म्हणायला हवं होतं. सरांनी जे सांगितलं ते मला तिच्या भाषेत सांगता आलं असतं. मी म्हणाले, "होईल असं वाटतं."

"मग लावा."

मी उकळून गार केलेल्या पाण्यानं जखम धुतली आणि जाळी ठेवली. ओल्या जखमेवर ती अशी बसली, जणू वहिनीचीच कातडी असावी. हवा लागल्यावर जी आग व्हायची ती थांबली, असं वहिनी म्हणाली. "गार वाटलं. लई गार." तिनं डोळे मिटले. दादा दारातून बघत होता, त्याच्या चेहऱ्यावर मला जी आशा दिसली, ती मी पुढं कधी पाहिली नाही.

आणि मी फोटो काढला. जखमेशेजारी मोजपट्टी ठेवून, उंदरांचा काढायचे तसा. मला तो माझ्यासाठी हवा होता. मी वहिनीसाठी ती जाळी केली, हे खरं आहे. ती चालते का, हे मला बघायचं होतं, हेही खरं आहे. दोन्हींतलं जास्त खरं काय, याचं उत्तर मला आजही देता येत नाही.

तिसऱ्या दिवसापर्यंत सगळं छान होतं. जाळी कोरडी, कडा स्वच्छ. वहिनीनं फराळाच्या करंज्या वळल्या. पाचव्या दिवशी सकाळी जाळीच्या मधोमध एक फुगवटा दिसला. बोटानं दाबलं तर खाली काहीतरी हललं. मी कडेनं उचलायला गेले तर जाळी आतल्या मांसात रुतली होती, तुकडे होऊन निघायला लागली. खालून हिरवं पाणी आलं आणि तोच वास. जंतू आत होतेच. मी त्यांच्यावर झाकण घातलं होतं.

दुपारी तिला हुडहुडी भरली. जीप मिळेस्तोवर संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही पुण्याच्या त्याच वॉर्डात होतो. दादा घरी पोरांजवळ थांबला होता. वहिनीची आई निरोप मिळताच घाटघरहून तशीच निघून थेट दवाखान्यात आली होती. हडकुळी, डोक्यावरून पदर घेतलेली म्हातारी. तिला काय झालं ते कुणी सांगितलंही नव्हतं.

डॉक्टर बाईंनी पट्टी उघडली. चिमट्यानं एक पांढरा तुकडा उचलून उजेडात धरला. "हे काय आहे? काय लावलं होतं यावर?"

मी तोंड उघडलं. मी सांगणारच होते, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पण माझ्या आधी वहिनी बोलली. तापानं तिचे ओठ फुटले होते.

"झाडपाला लावला व्हता. माझ्या आईनं घाटघरवरनं आनला."

बाई तिच्या आईकडे वळल्या. आवाज चढला. "किती वेळा सांगायचं तुम्हाला? पेस्ट लावता, राख लावता, पाला लावता! पोरीचा जीव जाईल अशानं. कळत कसं नाही?"

त्या म्हातारीनं पाला आणलाच नव्हता. तिनं एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग मान खाली घातली आणि सगळं ऐकून घेतलं. बाई मला म्हणाल्या, "तुम्ही तर शिकलेल्या आहात. तुम्ही तरी सांगायचं ना यांना."

मी मान हलवली.

वहिनीला आत नेल्यावर तिची आई आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. मी म्हणाले, "मामी, मी..." त्यांनी हातानंच थांबवलं. "ऱ्हाऊ द्या. तुमची शाळा मोडू नये म्हनून बोलली ती. आता तुमी बोलून तिला खोटं पाडू नका." एवढं बोलून त्यांनी पिशवीतून भाकरी काढली आणि अर्धी माझ्यापुढं धरली. मी ती खाल्ली.

जखम खरवडून साफ केली. मांडीकडे जी कातडी धरली होती, त्यातलीही बरीच गेली. पुन्हा कातडी लावायला वहिनीनं साफ नकार दिला. बाईंनी, दादानं समजावलं. मी समजावायला गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार होते? महिनाभरानं ती घरी आली तेव्हा गुडघा काटकोनात आखडला होता. तो मोकळा करायला वेगळी शस्त्रक्रिया लागते, ती झालेली नाही. काठी घेऊन ती अंगणापर्यंत येते. खाचरात उतरत नाही.

मी प्रबंध पूर्ण केला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "ही जाळी माणसांवर वापरता येईल, असं तुम्हाला वाटतं का?" मी म्हणाले, "अजून नाही. संसर्ग झालेल्या जखमेवर तर मुळीच नाही." ते सरांना म्हणाले, उमेदवार प्रामाणिक आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांना मी कधी काही सांगितलं नाही. त्या डॉक्टर बाईंना सांगायचं म्हणून वर्षभरानं एकदा वॉर्डात गेले होते. त्यांची बदली झाली होती. कुठं झाली, ते विचारलं नाही.

पुढं संशोधनात राहिले नाही. आता जुन्नरच्या एका कॉलेजात तासांवर शिकवते. पोरांना कातडीचे थर शिकवावे लागतात. फळ्यावर आकृती काढते, नावं देते, पुढं जाते.

याला तीन वर्षं झाली. वहिनीच्या पोटरीवरची जखम उन्हाळ्यात खपली धरते आणि पावसाळ्यात पुन्हा उघडते. दादा आता माझ्याशी फार बोलत नाही. त्याला सगळं ठाऊक आहे, का त्यानं नुसतं पाहिलं होतं तेवढंच, मी विचारलेलं नाही. माझी भाची आश्रमशाळेत होती, तिला आठवीत घरी आणली. पाणी, चूल, म्हातारी आजी, सगळं तिच्यावर आहे. "वर्षभरच," दादा तेव्हा म्हणाला होता.

गेल्या श्रावणात गेले होते. मी पिशवीतून नव्या पट्ट्या, मलम, हातमोजे काढले आणि म्हणाले, "वहिनी, या, मी बदलते."

ती हसली. अगदी आपुलकीनं म्हणाली, "तुमी दमून आलाय वन्सं. बसा. च्या घ्या."

"अहो, दोन मिनिटांचं काम आहे."

"माझं मी करते."

मागच्या वेळीही ती हेच म्हणाली होती, त्याच्या मागच्या वेळीही. पट्ट्या तिनं घेतल्या. काठी टेकत आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. भाची चहा घेऊन आली. बाहेर पाऊस लागला होता. आत वहिनी जुनी पट्टी सुटावी म्हणून तांब्यातलं पाणी ओतत होती, थोडं थोडं, थांबून थांबून. मी पडवीत बसून राहिले.